भासऱ्याले मारलेली हाक

माहं माहेर म्हणजे बाई, नागभीडकडे एक बोडी हाये, बोडी म्हणजे तळं, पण ही मोठी, उन्हाळ्यातई कमरेएवढं पाणी राहाचं तिच्यात, त्या बोडीच्या पाळीवर आमचं घर. ढिवरायची पोट्टी मी. बाप जाळं टाके, माय झिंगे वाळवून बाजारात नेये, अन् मी दोघायच्या मधात, कधी जाळ्याची दोरी धर, कधी झिंग्यावरचे कावळे हाकल, असं लहानपण. आता तुमी म्हणान मासोळ्या धरणाऱ्या घरची पोरगी बिजलीच्या कामात कशी आली, तं त्यात माही काई हुशारी नाई. चंद्रपूरच्या आयटीआयमधी शिवणकामाच्या जागा भरून गेल्या होत्या अन् इलेक्ट्रिशियनमधी पोरींच्या जागा खाली पडल्या होत्या, मास्तर म्हणे घेते का, मी बापाकडे पाह्यलं, बाप म्हणे घे, तं घेतली. भांडकुदळ तं मी पह्यलेपासूनच होती, पोट्ट्यायच्या वर्गात एकटी बसाची तं भांडावंच लागे. आवाजई मोठा. माय म्हणे हिचा आवाज बोडीच्या या पाळीवरून त्या पाळीवर जाते, सासरी कसं होईन हिचं.

सासरी काईच नाई झालं, कारण सासरी मी आवाज काढलाच नाई. लग्न होऊन इकडे आली, गडचांदूरच्या इकडे, आमचं गाव अस्सं रस्त्याले लागून हाये, चुनखडीचे ट्रक दिवसभर अंगणासमोरून जातेत. घरात आमचे हे, ट्रॅक्टर चालवतेत, यायचे मोठे भाऊ म्हणजे माहे भासरे, अन् माही जाऊ. सासू-सासरे नव्हतेच, तं भासरेच सासऱ्याच्या जागी. आता आमच्यात भासऱ्याचं कसं राह्यते हे तुमाले माहीत असन नसन, सांगतो. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ द्याचा नाई. ते खाटेवर बसले तं आपण तिथून उठाचं. ताट हातात द्याचं नाई, खाली ठेवाचं अन् मागे सरकाचं. बोलाचं नाई. काई सांगाचं असलं तं जावेले सांगाचं, जाऊ त्यायले सांगन. अन् चुकून हात लागला तं दोघायनंई आंघोळ कराची. नाव तं नाईच घ्याचं. आताई मी तुमाले त्यायचं नाव सांगणार नाई, तुमी लिहूनई घेऊ नका, भासरे म्हणूनच लिहा.

नऊ वर्सं झाले बाई लग्नाले. नऊ वर्सांत एका घरात, एका चुलीवर, अन् आमी दोघं एकमेकाशी एक शब्द बोललो नाई. याच्यात राग नाई हं, हे मानाचं हाये. मानूस लई चांगला. माही नोकरीई त्यायच्याचमुळे लागली, ते काय झालं, ते क्रशरवर बेल्टाच्या कामाले होते, तरणे होते तवापासून, मोठमोठ्या धोंड्यायचा चुरा होते तिथी अन् तो चुरा बेल्टावरून पुढं जाते, तिथी वायरमनची जागा निघाली तवा त्यायनं घरी येऊन आमच्या यायले सांगतलं, म्हणे तुह्या बायकोचं सर्टिफिकेट पेटीत सडून राह्यलं, पाठव तिले. यायनं मले सांगतलं. मी डोक्यावर पदर घेऊन दाराआडून हो म्हणून मान हालवली, अन् जावेनं ते त्यायले सांगतलं. असं चार तोंडायनं माहं काम लागलं.

आता एका जागी दोघं कामाले म्हणजे पंचाईत. पदराच्या जागी मी ओढणी घेई, ओढणीवर हेल्मेट, लोक हासत. पण खरी पंचाईत झाली ती हाजरीची. आमच्याकडे मशीनीवर काम कराचं असलं तं पह्यले मेन स्विच बंद करतेत अन् त्याले प्रत्येकजण आपापलं कुलूप लावते. जेवढे मानसं तेवढे कुलपं, चाबी ज्याची त्याच्या खिशात. एकाई मानसाचं कुलूप राह्यलं तं स्विच चढतच नाई. काम झालं का आपलं कुलूप आपण काढाचं, दुसऱ्यानं हात लावाचा नाई, अन् मंग करंट द्याच्या आधी वायरमननं मशीनीपाशी उभं राहून एकेकाचं नाव घ्याचं, ज्याचं नाव घेतलं त्यानं बाहेर म्हणून ओरडाचं. सगळे बाहेर झाले का वायरमन वॉकीवर सायबाले सांगते, भोंगा वाजते, मंग मशीन चालू. आता वायरमन मी. नाव मले घ्याचं हाये. मी सगळ्यायचे नावं घेतली, त्यायच्यापाशी आली अन् थांबली. लोकायले हासू. सायेब आमचे पुण्याकडचे पण समजदार, त्यायनं ईचारलं काय झालं, कोणीतरी सांगतलं सायेब भासरा लागते तिचा. सायेब म्हणे बरं, मग यांचा नंबर शेवटी, नाव घ्यायचं नाही, हिनं नुसतं बघायचं आणि यांनी हात वर करायचा.

ते ठरून गेलं. सगळे ओरडत, बाहेर, बाहेर, अन् सगळ्यात शेवटी मी ओढणी सावरून तिकडे पाहो अन् ते हात वर करत. किती सोपं. पोरं मले चिडवत, तुह्यासाठी स्पेशल हाजरी हाये म्हणे. मले त्याचं बरंच वाटे, सांगू का तुमाले, का पाहा मशीनीवरई मी आपली रीत सोडली नाई. अन् त्याच रीतीच्या आड काय झाकलं होतं ते मले माहीत नव्हतं, क्रशरवर कोणालेच माहीत नव्हतं.

या साली बेल्टाची जुनी मोटर काढली. नवी आली, मोठी, अन् तिच्यासंगं ड्राइव्ह आला. ड्राइव्ह म्हणजे बाई, एक कपाटासारखा डबा, मोटर किती जोरात फिरवाची, हळूहळू कशी उचलाची, ते सगळं तो ठरवते. जुन्या मोटरीले स्विच दिला का धाडकन उठे, ही अशी अलगद उठते. पण मले त्याचा भेव वाटे. काऊन, तं तो बंद दिसते पण बंद नसते. मोटर उभी असते, काई आवाज नाई, अन् तारांमधी करंट बसून असते, कोणी हुकूम दिला का फिरली. अन् करंट तोडला तरी त्याच्या पोटात काई वेळ साठा राह्यते, दिवा गेला म्हणून लगेच हात घालाचा नाई, वाट पाहाची, मंग मीटर लावून पाहाचं, मंगच हात. हे सायबानं आमाले इतक्यांदा सांगतलं का सपनात येई.

अन् सुरू कराची पण एक रीत असते, एकदम नाई चालू करत. पह्यले तारा ड्राइव्हमधून सोडवून मोटरीचं मेगर घेतलं, म्हणजे आतमधी कुठी करंट फुटत तं नाई ना ते पाह्यलं. तारा न सोडवता मेगर केलं तं ड्राइव्ह जळते. मंग अर्थिंग पाह्यली. मंग मोटरीवरच्या पत्र्यावर जे लिहून राह्यते ते सगळं ड्राइव्हमधी भरलं. मंग मोटर बेल्टापासून मोकळी ठेवून एकटीच जराशी फिरवली, तं फिरली उलटी. सायेब म्हणे होतं असं, म्हणूनच मोकळी फिरवायची. पुन्हा सगळं बंद, पुन्हा कुलपं, पुन्हा वाट पाहाची, दोन तारा बदलल्या, आता सरळ फिरली. बेल्टाच्या बाजूनं जी दोरी राह्यते, ओढली का मशीन थांबते, ती ओढून पाह्यली, थांबली. पण दोरी नवी अन् ढिली होती, वाऱ्यानं नाई तं कोणाच्या धक्क्यानंई ओढल्या जाये. सकाळपासून दोनतीनदा अशीच फुकट थांबली होती अन् सायबानं पॅनलरूममधून, म्हणजे जिथून मशीन चालू करतेत त्या खोलीतून, रिसेट केली होती. हे ध्यानात ठेवा, पुढं याचंच भांडण हाये.

मंग मोटर बेल्टाले जोडली, कोणी आत जाऊ नये म्हणून भवताल लोखंडी जाळ्या बसवल्या. आता रिकामा बेल्ट पह्यल्यांदा चालवाचा होता. त्याच्या आधी पूजा. आमच्याकडे पूजेशिवाय नवी मशीन कोणी चालू करत नाई, अन् पूजेचं काम भासऱ्याकडे, दरवेळी त्यायच्याचकडे. मोटरीले कुंकू लावलं, नारळ फोडला, अगरबत्त्या, बेल्ट ज्याच्यावरून फिरते त्या मागच्या ड्रमपाशी खोचल्या, तिथी लोखंडात एक फट होती तिच्यात. परसाद वाटला. सगळ्यायनं आपापले कुलपं काढले. मी नावं घेतली. बाहेर, बाहेर. शेवटी मी पाह्यलं, त्यायनं हात वर केला. मी वॉकीवर म्हणली सगळे बाहेर. भोंगा लागला.

तवा त्यायले दिसलं असन का अगरबत्ती रबराले लागून राह्यली. खरंच लागून राह्यली होती, नंतर आमी पाह्यली. त्या मानसाचं आयुष्य त्या बेल्टावर गेलं, बेल्ट जळाले नाई पाह्यजे एवढंच त्यायच्या मनात. ते वाकून जाळीच्या खालून आतमधी शिरले. भोंगा वाजून राह्यला अन् हे आत. मी पाह्यलं अन् पह्यले दोरी ओढली. ओढली हं, हे मी सगळ्यायले सांगतो, पह्यले दोरीच ओढली. भोंगा बंद झाला. अन् वॉकीवर सायेब म्हणे, पुन्हा दोरी का, रिसेट करू?

माहं डोकं फिरलं बाई. वॉकी तोंडाशी लावून नाई नाई म्हणली, पण तो आवाज तिकडे गेला का नाई गेला कोण जाणे, त्या वॉकीचं काई खरं नव्हतं, अन् माह्या डोळ्यासमोर ते ड्रमापाशी वाकलेले, पाठ माह्याकडे. मंग मी हाक मारली. त्यायचं नाव घेऊन मारली. अरे निघ, निघ बाहेर, असं म्हणली मी, अरे-तुरे. माहेरचा आवाज तो, बोडीच्या पाळीवरचा, साऱ्या क्रशरवर गेला. मशीन बंद, भोंगा बंद, सगळं चिडीचूप, अन् त्यात ते नाव. तीनदा मारली. अन् त्या मानसानं मान नाई वळवली.

मले वाटलं हे रागानं वळून नाई राह्यले. इतकी मूर्ख मी. मंग मी जाळीखालून आत गेली, मागून शर्टाची कॉलर धरली अन् ओढलं, काखेत हात घालून ओढलं, दोघंई गिट्टीवर पडलो. माही ओढणी कुठी गेली, हेल्मेट कुठी गेलं. त्यायच्या हातात ती अगरबत्ती. ते माह्याकडे असे पाहून राह्यले जसं मी कोण हाये हेच त्यायले समजत नाई. नऊ वर्सांत पह्यल्यांदा आमी एकमेकाचं तोंड असं समोरासमोर पाह्यलं.

तिकडून कोणीतरी हासलं. मंग कोणी नाई हासलं. सायेब पळत आले, रिसेट केलं नव्हतं त्यायनं, वॉकीवर माहं नाई त्यायले ऐकू गेलं होतं. त्यायनं भासऱ्याले उठवलं, लागलं का ईचारलं, ते म्हणे नाई सायेब. मंग सायेब त्यायच्या मागे गेले, माती झटकून देऊन राह्यले असं करत, अन् मागूनच ईचारलं, भोंगा ऐकला नाही का तुम्ही? सायबानं पुन्हा ईचारलं, मोठ्यानं. भासरे आपले समोर पाहून शर्टाची बटनं लावून राह्यले. सगळे मानसं उभे होते. सगळ्यायनं पाह्यलं. एवढ्या वर्सांच्या धडधडीनं कान गेले होते बाई त्यायचे, अन् तिथी कोणाले माहीत नाई, हाजरीत ते सगळ्यायच्या शेवटी हात वर करत, ते ऐकून नाई, माह्या मानेकडे पाहून करत.

मले तवा जी लाज वाटली, तिचं काय सांगू तुमाले. नाव घेतलं त्याची वाटली, हात लावला त्याची वाटली, डोकं उघडं पडलं त्याची वाटली. पण त्याहून ही, का मानसानं इतके वर्सं झाकून ठेवलेली गोष्ट मी चारचौघात उघडी केली. मी हाक मारली नसती तं कोणाले समजलं नसतं का ते वळले नाई म्हणून.

घरी गेलो तं खबर आमच्या आधी पोचली होती. जावेनं विहिरीवर त्यायच्या आंघोळीचं पाणी काढलं, मले म्हणे तूई करून घे. मी केली. मंग ती माह्याशी बोललीच नाई. बरेच दिवस झाल्यावर बोलली, तवा एकच बोलली. म्हणे दोरी ओढली होती ना तू, मंग थांबाचं होतं. मशीन बंद झाली होती, कोण मरत होतं? अन् म्हणे, मी त्यायच्या समोर उभी राहूनच बोलो, ओठ दिसले पाह्यजे म्हणून, पाहुण्यायच्या समोर मीच त्यायच्या वतीनं बोलो, आमच्या पोरीचं लग्न जमवलं तवाई सोयरिकीत कोणाले पता लागू दिला नाई, अन् तू घरातली असून साऱ्या जगाले सांगतलं.

आता मी तिले काय सांगू? मी हे सांगाले गेली का दोरी म्हणजे कुलूप नोहे. दोरी ओढली तं मशीन थांबते, पण तिकडून एका बोटानं पुन्हा उठते. ज्याच्यावर आपलं कुलूप नाई त्या मशीनीले बंद म्हणाचंच नाई, आमाले हेच शिकवलं. ती म्हणे सायबानं उठवली का मंग? नाई ना उठवली? बरोबर हाये तिचं. नाई उठवली. काई झालंच नाई त्या दिवशी, म्हणून माह्याजवळ दाखवाले काईच नाई. ते आत असताना बेल्ट चालला असता तं मले कोणी काई म्हणलं नसतं. पण असं कोण मागन, मी नाई मागत. अन् मी तिले एक नाई सांगतलं, का मले ऐकू न येणं कसं समजणार होतं, मी तं कधी त्यायच्याशी बोललीच नव्हती. हे सांगतलं असतं तं रीतीले बोल लागला असता.

मंग चूल वेगळी कराची गोष्ट निघाली. जाऊच म्हणे. आमचे हे मान खाली घालून बसले, ट्रॅक्टरचं मडगार्ड पुसत. कंपनीनं भासऱ्यायचे कान तपासून आणले अन् बेल्टावरून काढून रोपायकडे दिलं, खदानीच्या खाली झाडं लावतेत तिथी. आता ते पाइपानं पाणी देतेत. मी ड्युटीवर जाताना दिसतेत, सागाच्या रोपायमधी पाठमोरे उभे. बेल्टावरचा मानूस तो, अन् आता नर्सरीत. मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जातो. हाजरीचं आता असं हाये का सगळ्यायनंच हात वर कराचा अन् ओरडाचंई, कोणाले सूट नाई. सायबानं मले शाबासकी द्याले सगळ्यायसमोर उभं केलं होतं, फुलं दिली. ती मी घरी नाई आणली, वाटेत नाल्यात सोडून दिली.

अन् आता चूल वेगळी व्हाची तं परवा संध्याकाळी असं झालं. भासरे ओट्यावर जेवाले बसले, हे बाजूले, जाऊ समोर, मी दाराच्या आतमधी, नेहमीसारखी. जेवता जेवता हात थांबवला त्यायनं. ऐकू नाई येत तं मोठ्यानं बोलतेत आता, लपवाचं काई राह्यलं नाई. जावेकडे पाहून म्हणे:

साऱ्या गावानं ऐकलं, मीच नाई ऐकलं. हिनं मले नावानं हाक मारली म्हणतेत. कशी मारली? आज मार म्हणा तिले. चूल वेगळी कराची का नाई ते मंग पाहू.

जाऊ माह्याकडे पाहून राह्यली. आमच्या यायनं ताटातून मान नाई वर केली. मी पदर सावरला, दाराची चौकट धरली, तोंड उघडलं. बाई, मी ढिवराची पोट्टी, बोडीच्या पल्याड आवाज जाते माहा, अन् तो आवाज आलाच नाई. मी त्यायचं नाव मनातल्या मनात घेतलं असन, पण ओठ हालले नाई. ते माह्याकडे पाहातच नव्हते, रीतीप्रमाणं. ते जावेच्या तोंडाकडे पाहून राह्यले होते, मी हाक मारली का नाई ते तिच्या चेहऱ्यावरून समजून घ्याले.

मंग जावेनं माह्यावरची नजर काढली, त्यायच्याकडे वळली, अन् मान हालवून, ओठ मोठे करून म्हणे, मारली.

त्यायनं घास उचलला. म्हणे हो, आली ऐकू. म्हणे चूल राहू द्या अशीच.

जावेनं मंग मले भाकर मागतली, मी दिली. चूल एकच हाये आमची. त्यायले देव उदंड आयुष्य देवो, सावलीत राहो ते, झाडायमधी राहो. पण ते आली ऐकू म्हणले ना बाई, अन् मी तं काईच बोलली नव्हती.